गोदरीचा ठराव

टेंभुर्डे गावच्या ग्रामपंचायतीत मंदाबाई चार वर्षं सभासद होती आणि या चार वर्षांत तिनं पंचायतीची कचेरी आतून पाहिली नव्हती. तशी गरजही कुणाला वाटली नव्हती. कायद्यानं बायकांच्या दोन जागा ठेवल्या होत्या. त्या भरायच्या तर कुणीतरी आपली बायको पाठवायला हवी, आणि आपली बायको चार पुरुषांत बसवायला एकही मानकरी तयार नव्हता. मंदाबाई विधवा, एकुलती लेक फैजपूरकडे दिलेली, घरात हो-नाही म्हणणारं कुणी नाही. सरपंच अभिमन आबांनी तिचं नाव घातलं, दुसरी जागा रिकामीच ठेवली आणि गावाची कटकट मिटली.

दर महिन्याला पंचायतीचा शिपाई झिपरू सभेचं जाड बुक काखेत मारून तिच्या ओट्यावर यायचा. सभा झालेली असायची, कधी नसायचीही. मंदाबाई वांग्यांची टोपली बाजूला सारून हात धुवायची, पदराला पुसायची.

"काय शे रे यामा?"

"काही नही अक्का, नेहमीनंच."

मग झिपरू दाखवील तिथं ती अंगठा उठवायची आणि उरलेली शाई केसांना पुसायची. खरं सांगायचं तर तिला त्याचं अप्रूप होतं. नवऱ्याच्या हयातीत तिला कुणी आमटीत मीठ किती घालायचं एवढंही विचारलं नव्हतं, आणि आता सरकारचं बुक तिच्या दारी येत होतं. मान मिळाला की माणूस फार चौकशा करत नाही. मंदाबाईनंही केल्या नाहीत, आणि त्यात तिची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही.

गावाच्या उगवतीला, धरणगावच्या सडकेला लागून, निवडुंगाच्या कुंपणाआड एक पडीक जागा होती. ती बायकांची गोदरी. पहाटे आणि दिवेलागणीला साऱ्या गावच्या बायका तिकडं परसाकडं जायच्या. पाटलाची सून असो की मजुरीची बाई, तिथं सगळ्या सारख्या. कुणाची सासू छळते, कुणाला दिवस गेलेत, हे सगळं आधी तिथं कळायचं आणि मग गावात. पुरुष त्या वाटेला फिरकत नसत. कागदावर ती सरकारी पड होती, पण अख्ख्या गावात बायकांची म्हणावी अशी जमीन तेवढीच.

सदुसष्ट सालच्या कार्तिकात एका सकाळी तिथला निवडुंग तोडलेला दिसला. माणसं खांबांसाठी खड्डे खणत होती. चंपालाल सेठचं कापसाचं गोदाम तिथं होणार होतं.

तासाभरात पंधरा-वीस बायका मंदाबाईच्या दारात. पुढं रहिमाबी. तिचा नवरा नासीर गाद्यांचा कापूस पिंजायचा, आणि दोन वर्षांमागं पंचायतीनं नव्या गावठाणात दिलेल्या जागेवर त्यांनी घर बांधलं होतं. मंदाबाईची ती बाजाराची सोबतीण. जीभ अशी की भांडायला लागली तर समोर फौजदार आहे की मुल्ला, हेही बघायची नाही.

"अक्का, तू पंचायतमा शे ना? मंग आम्ही आते कोठे जावानं? सडकवर बठानं का?"

"माले काही म्हाइत नही, बाई. मी जाईसन इचारस."

पुढच्या सभेला धुतलेलं लुगडं नेसून मंदाबाई कचेरीत गेली. तिला पाहून सगळे गडबडले, कारण पाच पुरुष सभासदांना पाचच खुर्च्या होत्या. झिपरूनं दाराशी पोतं अंथरलं.

"अक्का, तुम्ही कसाले तकलीफ लिन्ही?" आबा म्हणाले. "झिपरू येसच ना घर."

"गोदरीनी जागा सेठले कोन दिन्ही?"

आबांनी ग्रामसेवकाकडं पाहिलं. तो जळगावकडचा शिकलेला तरुण होता, बोलणं मऊ. त्यानं बुक उघडून वाचलं, "'गावच्या पूर्वेची पडीक जागा गोदामासाठी श्री. चंपालाल यांना भाड्याने देण्यात यावी. सदर जागेवरील घाणीमुळे महिलांच्या आरोग्यास अपाय होत आहे. सूचक, श्रीमती मंदाबाई.' हा बघा तुमचा अंगठा."

मंदाबाईनं पाहिलं. अंगठा तिचाच होता. बायकांची जागा बायकांच्या भल्यासाठी बाईच्याच हातून काढून घेतली होती, आणि हे सुचायला यांना फार डोकं लागलं असेल असंही नाही. तिच्या अंगाची आग झाली.

"मी आंगठा दिन्हा, ठराव नही दिन्हा. मी त्या दिन आठे उनीच नही. हाई लिखी ल्या."

"लिहितो की," ग्रामसेवक म्हणाला. "पण बाई, मग दोन वर्षांमागच्या सभेचंही लिहावं लागेल. त्या दिवशी बुकात चारच सभासद हजर आहेत, त्यातल्या एक तुम्ही. तुम्ही आलाच नव्हतात म्हटलं की तीन उरतात. तेवढ्यावर सभा होत नाही. आणि नव्या गावठाणातल्या सात घरांच्या जागा त्याच सभेत दिल्यात."

"रहिमाबीनं घर बी त्यामाच शे, अक्का," आबा हळूच म्हणाले.

कायद्यात ते खरं होतं की नाही, कोण जाणे. मंदाबाईला ते पडताळून पाहायची सोय नव्हती आणि समोरच्यांना तिची ही अडचण पक्की ठाऊक होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. शाईची दौत उचलून आबांच्या पांढऱ्या टोपीवर ओतावी असं तिला वाटलं. ती पोत्यावर बसून राहिली.

"मंग बायासले दुसरी जागा द्या," ती शेवटी म्हणाली.

हे सभेनं लगेच मान्य केलं. बायकांना जागा हवीच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच की कुठं.

"मना शेतना बांधले मारोतीनं देऊळ शे," सभासद झुलाल म्हणाला.

"मना मळा तर पाव्हणासना वाटवर शे," दुसरा सभासद रतिलाल म्हणाला.

आबांची ओढ्याकाठी दोन एकर पड होती, पण तिथं आपल्याला केळी लावायची आहे हे त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं. आई, बायको, लेक प्रत्येकाच्या घरात होती आणि ती कुठंतरी जातच होती. फक्त तिनं कुठंही जावं, आपल्या बांधाशी जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. अर्धा तास घोळ चालला. मग आबांनी विषय पुढच्या सभेवर ढकलायला सांगितला.

पुढची सभा म्हणजे कधीच नाही, हे मंदाबाईला एका बैठकीत उमगलं होतं. गावाला लागून तिचं दहा गुंठ्यांचं वावर होतं. तिथली भरताची वांगी धरणगावच्या बाजारात गिऱ्हाईकं विचारत यायची. तिचं पोट त्याच्यावर चालायचं, दुसरं तिच्याकडं काही नव्हतं.

"मनं वावर लिखी ल्या," ती म्हणाली. "बाया तठे जातीन."

झुलालनं अनुमोदन दिलं, रतिलालनं टाळी वाजवली आणि आबा म्हणाले, गावमा अशी बाई नही. या खेपेस तिनं ग्रामसेवकाला सगळं वाचायला लावलं आणि मगच अंगठा दिला. वाचलेलं अक्षरन् अक्षर खरं होतं.

तिनं फळांनी लगडलेली झाडं आपल्या हातानं उपटली. बायका वावरात जाऊ लागल्या, आणि चार दिवसांत तिथल्याच बोलण्यात निष्कर्ष निघाला. फुकट कोण जमीन देतं? सेठकडून खाल्लं असणार, आता पाप धुतेय. बुकात अंगठा तिचाच आहे, हे झिपरूनं सांगितलंच होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणत बायका तिच्या वावरात बसायच्या आणि बाहेर तिच्याशी बोलायच्या नाहीत. पोटासाठी ती कापूस वेचायला जाऊ लागली, तर शेजारची ओळ कुणी धरेना.

येत होती ती एकटी रहिमाबी. एका दुपारी ती अशीच ओट्यावर टेकली. मंदाबाईनं चहा ठेवला.

"अक्का, एक इचारू? रागे नको व्हऊ. सेठकडथीन काही लिन्हं व्हतं का तू?"

दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण हिला कळलं तर ही उठून थेट कचेरीत जाणार, चव्हाट्यावर आबांचे वाभाडे काढणार, आणि आबा शांतपणे दोन वर्षांमागचं पान उघडणार. मागच्याच आठवड्यात नासीरनं घरावर कौलं चढवली होती.

"लिन्हं व्हतं," मंदाबाई म्हणाली.

रहिमाबीनं ओठाशी नेलेली बशी खाली घेतली.

"मी महिनाभर तुनाकरता बठ्ठा गावसंगे भांडनी," ती म्हणाली.

चहाची कपबशी तशीच ठेवून ती उठली, आणि त्या दिवसापासून तिनं भांडणं सोडलं.