झोक्यावरचा माणूस

लेकीच्या खोलीसाठी आईनेच हौसेने सर्कशीची चित्रं निवडली होती. चेंडूवर उभा हत्ती, रडवेला विदूषक आणि सोनेरी चौकटीतलं सगळ्यांत मोठं, उंच झोक्याला गुडघ्यांनी लटकलेल्या माणसाचं. डोकं खाली, हात पुढे पसरलेले. समोर कोणीच नाही.

तिच्या नवऱ्याची आत्या राहायला आली. तरुणपणी तिने सर्कशीत झोक्यावर कामं केली होती, खांदा गेल्यावर सोडलं. ती त्या चित्रासमोर उभी राहिली ती हलेचना.

"हा झेलतोय कोणाला?"

"तीच तर गंमत आहे, आत्या. बघणाऱ्याने ओळखायचं," सून म्हणाली.

"पोरीच्या खोलीत नको गं हे."

भाचा हसला. "आत्या, चित्र आहे ते! चावणार आहे का?"

आत्याचं लक्ष मात्र नातीवर राहिलं. पोरगी खेळ टाकून भिंतीकडे बघत बसायची. एकदा तिने विचारलं, "आजी, त्याचे हात दुखत नसतील?" मग एका सकाळी ती तळहातांना पावडर चोळताना दिसली. सर्कशीत उडी घेण्याआधी आत्याही हातांना अशीच पूड लावायची.

"हे कोणी शिकवलं तुला?"

पोरीने भिंतीकडे बोट दाखवलं.

त्याच दुपारी सून गच्चीत कपडे वाळत घालत होती. घर अचानक फारच शांत वाटलं म्हणून आत्या खोलीत डोकावली. पोरगी कपाटावर उभी होती. पायाची बोटं कडेबाहेर, पांढरे हात समोर, नजर चित्रावर.

ओरडलं तर दचकून पडेल, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. ती हलक्या, ठाम आवाजात म्हणाली, "अजून नाही."

पोरगी थांबली. आत्या सरकत सरकत चित्राच्या आणि तिच्या मध्ये आली. दुखरा खांदा वर जाईना. दात आवळून तिने तो उचलला.

"आता."

पोरीने झेप घेतली. मनगटं हाती लागली, दोघी जमिनीवर कोसळल्या आणि आत्याचा खांदा निखळला. तिची किंकाळी ऐकून सून धावत आली. पोरीला खरचटलंही नव्हतं, पण ती रागाने थरथरत होती.

"तू मध्ये का आलीस? तो मला घेणार होता!"

संध्याकाळी भाच्याने चित्र उतरवून घराबाहेर नेलं. आता तो हसत नव्हता. पोरगी रडली नाही, जेवली नाही, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

"आत्या, आता गेलं ना सगळं?" सुनेने हळूच विचारलं.

आत्याचा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत होता. "चित्र गेलं," ती म्हणाली. "माझं अंथरूण हिच्या खोलीत टाक."

सुनेने अंथरूण टाकलं. मग घरातल्या सगळ्या गाद्या ओढून आणल्या आणि कपाटाभोवती पसरू लागली.