गयाबाईचं पाणी

गयाबाईचा संशय एकदा कोणावर बसला की तो उठायचं नाव घेत नसे. दूधवाल्यावर होता, रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या बाईवर होता, आणि सगळ्यात मुरलेला होता तो शेजारच्या शुक्लाइनवर, म्हणजे शुक्लांच्या बायकोवर. मुलगा श्रीपत लखनऊच्या सरोजिनी नगरजवळच्या कारखान्यात स्टोअरकीपर, म्हणून कॉलनीत क्वार्टर मिळालेला. मागं फरशीचं अंगण, मध्ये खांद्याएवढी भिंत आणि भिंतीपलीकडं शुक्लाइनचं अंगण. तिथं भिंतीलगतच्या खिडकीला कूलर लावलेला. अठ्ठ्याहत्तरच्या भादव्यात सून मायाला हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा गयाबाईनं पहिल्यांदा त्या कूलरकडं पाहिलं.

मायाला सातवा महिना होता. गोधडीवर गोधडी टाकली तरी तिचे दात वाजत, मग अंग तव्यासारखं तापे, मग घामानं चिंब होई. एक दिवस बरी, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मलेरिया खात्याचे निगमबाबू बोट टोचून काचेवर रक्त घेऊन गेले आणि परत येऊन म्हणाले, मलेरियाच आहे. कडूजहर गोळ्या देऊन गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी श्रीपतला बाजूला घेऊन सांगितलं, की या गोळ्यांनी ताप उतरेल, पण पुन्हा डास चावून ताप उलटला तर बाळाची खात्री नाही. बाजूला घेऊन सांगितलेलं गयाबाईला सगळ्यात आधी ऐकू येई.

"डास तिकून येतात," रात्रीच्या जेवणाला बसल्यावर तिनं भिंतीकडं बोट केलं. "त्या कूलरात पाणी कुजते. कोनाले दिसत नाही का?"

"आई, पुरावा काय?" श्रीपत म्हणाला.

"ती बाईच पुरावा आहे."

तसं म्हणायला तिच्याजवळ कारण होतं. लखनऊला आल्या आल्या शुक्लाइननं तिला चहाला बोलावलं होतं. बाकीच्या बायकांना कपबशीतून चहा आला. गयाबाईला स्टीलच्या ग्लासातून. पिऊन झाल्यावर तो ग्लास तिच्याकडूनच विसळून घेतला गेला आणि बाहेरच्या खिडकीत पालथा ठेवला गेला. पुढं कितीतरी महिने तो तिथंच पालथा असलेला तिला आपल्या अंगणातून दिसे. गयाबाई पुन्हा कधी त्या घरी गेली नाही. ती संशयी होती, पण आंधळी नव्हती.

शुक्लाइनही काही कमी नव्हती. मायाच्या तापाची बातमी कॉलनीत पसरली तशी ती भिंतीपलीकडं कोणाला तरी सांगत होती, "इन लोगों के यहाँ जाने क्या-क्या सड़ता रहता है. मच्छर नहीं होंगे तो क्या होगा." गयाबाई कपडे वाळत घालत होती. हातातलं लुगडं तिनं इतकं पिळलं, की त्यात थेंब राहिला नाही.

सडतं म्हणे. गयाबाईच्या घरात फरशीवर सांडलेली भाजी उचलून खाल्ली असती तरी चाललं असतं. आणि पाणी तर असं, की ड्रमच्या तळाला पडलेली सुई दिसावी. पाणी हा तिचा जीव की प्राण होता. भंडाऱ्याकडच्या तिच्या गावात वस्तीतल्या पोरी विहिरीच्या ओट्याखाली घागरी घेऊन बसत. कोणाला दया आली, की वरून लांबूनच धार सोडी, भांड्याला भांडं लागू न देता. कधी दुपार टळली तरी कोणाला दया येत नसे. त्या ओट्याखाली बसलेली पोर पुढं म्हातारी झाली, पण तिनं आपल्या घरात एकही भांडं रिकामं राहू दिलं नाही. कॉलनीतला नळ दोन्ही वेळ धो धो येई, तरी ड्रम, हौद, कळशा, पातेली, एवढंच काय तुटक्या दांड्याचा कपसुद्धा काठोकाठ. "आईनं गोमती घरात आणून ठेवली," असं श्रीपत चिडवायचा. ती हसायची नाही. रोजचं पाणी पुढच्या ड्रममधून घ्यायचं. मागच्या ड्रमला हात लावायचा नाही, ते अडीनडीचं. ती अडनड चार वर्षांत आली नव्हती.

निगमबाबू गोळ्यांची चौकशी करायला आले तेव्हा तिनं त्यांना अंगणात नेलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, "बाबूजी, उनका कूलर देखो. छुपाके रखते है."

निगमबाबू सोमवारी पाणी तपासायला येतो म्हणाले. काय तपासता, असं तिनं खोदून विचारलं. ते म्हणाले, "बाल जैसे कीड़े होते हैं माताजी, पानी की सतह पर लेटे रहते हैं. परछाईं पड़ी कि नीचे भागे. वही बाद में मच्छर बनते हैं."

मग काय, गयाबाईला कामच मिळालं. शुक्लाइन देवळात गेली की ही पाटावर चढून भिंतीवरून डोकावे. पण कूलरची जाळी आडवी येई. रविवारी सकाळी कोणी नाही असं पाहून तिनं हात लांब करून जाळी बाजूला सारली.

आतला ट्रे खडखडीत कोरडा होता. कोळ्यानं जाळं विणलेलं.

तिला चपराक बसल्यासारखं झालं. पण संशय तिथंही थांबला नाही. कोणी तरी आधीच सांगितलं असणार. श्रीपतनंच, तो असाच भिडस्त. नाहीतर मायानं. चूल पेटवतानाही तिच्या डोक्यात तेच चाललेलं. आंघोळीचं पाणी कमी पडलं म्हणून ती मागच्या ड्रमकडं वळली, कारण त्या दिवशी तिला कसलंच भान नव्हतं. तिनं लाकडी झाकण सरकवलं. कधीकाळी त्याचा कोपरा तुटला होता आणि त्या भोकातून बोट सहज जाई. उन्हाचा कवडसा पाण्यात पडला, तिची सावली पडली, आणि पाण्यावर आडवे पडलेले असंख्य बारीक केस वळवळत तळाकडं पळाले.

गयाबाई तिथंच खाली बसली. आतल्या खोलीत, ड्रमपासून चार हातांवर, माया झोपली होती. तिच्या उशालगतची खिडकी ड्रमच्या बाजूलाच उघडत होती.

मग ती उठली, तांब्यानं ड्रममधलं वरचं पाणी भरून घेतलं आणि पाटावर चढली. कोरडा ट्रे समोर होता. तांब्या त्यात ओतायचा, आपले ड्रम गुपचूप पालथे करायचे, आणि उद्या निगमबाबू येतील तेव्हा हाताची घडी घालून उभं राहायचं. सगळी कॉलनी पाहील, कोणाच्या घरात काय सडतं ते. तिचा हात भिंतीपलीकडं गेला.

"आई," आतून माया म्हणाली. "पाणी द्या ना."

गयाबाईनं हातातल्या तांब्याकडं पाहिलं. पाणी नितळ होतं. तिला त्यात काही दिसेना. आहेत की नाहीत? तिनं तांब्या उन्हात धरला, डोळे बारीक केले. मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्यांना नुसतं लकाकतं पाणी दिसलं. मग हौदात? कळशांत? आपण सगळं ओतून टाकलं आणि एका कपात राहिले तर? आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांचा संशय आला, आणि तो सगळ्यांत वाईट होता. निगमबाबू शुक्लाइनकडं गुंतले तर इथं कोण बघणार? ती पाटावरून उतरली. मायाला तिनं थेट नळाचं पाणी दिलं आणि अडीनडीच्या ड्रमवर जाड चादर करकचून बांधली.

सोमवारी निगमबाबू लांब दांड्याचं पांढरं ओगराळं घेऊन आले आणि सरळ शुक्लाइनच्या फाटकाकडं निघाले. शुक्लाइन कंबरेवर हात ठेवून अंगणात उभी होती. तक्रार कोणाची, ते तिला कळलेलं होतं.

"बाबूजी, उधर नहीं," गयाबाई म्हणाली. "इधर. मेरे घर में है. सब बर्तन देखो, एक भी मत छोड़ो."

मागच्या ड्रममध्ये सापडले. हौदात सापडले. बुद्धाच्या मूर्तीपुढं फुलं ठेवलेल्या ग्लासात सापडले, जो तिनं स्वतः नीट निरखून पाहिला होता. प्रत्येक वेळी निगमबाबू ओगराळं पुढं करत आणि प्रत्येक वेळी गयाबाईची मान खाली जाई. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त मायासाठी भीती वाटत होती.

भिंतीपलीकडून आवाज आला, "हम तो पहले ही कह रहे थे. गंदगी."

"गंदगी नहीं, बहनजी," निगमबाबू ओगराळं झटकत म्हणाले. "नाली के पानी में ये वाला नहीं होता. इसे एकदम साफ पानी चाहिए. ऐसा साफ पानी मैंने पूरी कॉलनी में नहीं देखा."

शुक्लाइनचे कंबरेवरचे हात खाली आले. गयाबाईला त्या बोलण्यानं बरं वाटलं की आणखी वाईट, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"सब फेंक दीजिए, माताजी. हर हफ़्ते सुखाइए."

फेकून द्या म्हणणं सोपं होतं. तिनं पहिली कळशी उचलली, मोरीपाशी नेली, आणि हात तिरका होईना. खिडकीतून माया बघत होती. पोटावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "आई, नळ उद्यापण येईल." तेव्हा गयाबाईनं कळशी ओतली. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. एकेक करून भांडी पालथी होत गेली.

मागचा ड्रम ओढायची वेळ आली, तेव्हा अंगणाच्या मागच्या दाराशी शुक्लाइन उभी होती. हातात बादली.

"अम्माजी," ती दुसरीकडं पाहत म्हणाली, "हमारा नल परसों से बंद है. फेंक ही रही हैं तो... कपड़े धोने थे."

गयाबाईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. यात काय डाव आहे? मग तिनं तांब्या भरला, बादलीवर धरला आणि थबकली. तांब्या हातभर वर होता. धार वरून पडणार होती, भांड्याला भांडं न लागता. असं पाणी द्यायचं असतं हे तिच्या हाताला आपोआप ठाऊक होतं.

तिनं तांब्या ड्रमच्या काठावर ठेवला आणि स्वतः बाजूला झाली.

"खुद लो," ती म्हणाली. "अंदर आके."

शुक्लाइन उंबऱ्याशी घुटमळली. पदर सावरला. मग एक पाय आत आला, मागोमाग दुसरा. तिनं गयाबाईचा तांब्या उचलला, ड्रममध्ये कोपरापर्यंत हात बुडवला आणि बादली भरून घेतली. ओला हात आपल्याच पदराला पुसला आणि निघाली.

घरी जाऊन ती हात पुन्हा धुते की काय, हे बघायला गयाबाई पाटावर चढली. शुक्लाइन कपडे भिजवत होती. तरीही गयाबाई बराच वेळ तिथंच उभी राहिली.