पुन्हा पहिल्या ओळीवर

सुशांत म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. राजाजीनगरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत, सगळ्या कानडी लोकांत, मराठी बोलणारी दोघंच, तो पुण्याचा आणि कस्तुरी निपाणीची. तिच्या बोलण्यात 'थोडं'ऐवजी कानडी 'स्वल्प' आलं की तो चारचौघांत हसायचा, आणि तिच्या प्रोग्रॅमवर आपलं नाव घालून साहेबांना दाखवायचा. कस्तुरीचा राग लोणच्यासारखा मुरत होता.

अठ्ठ्याण्णव साली शेषगिरीसाहेबांनी दोघांना एकच काम दिलं. गिऱ्हाइकांच्या फाइलमधून, नाव टाकलं की पत्ता शोधून देणारा प्रोग्रॅम पायथन नावाच्या नव्या कॉम्प्युटर-भाषेत करायचा. ज्याचा चांगला होईल तो अमेरिकेला जाणार. पायथन तेव्हा कुणालाच धड येत नव्हतं. कस्तुरी एकटीच शिकली. फाइल उघडायची कशी, वाचायची कशी, तिच्यात लिहायचं कसं. त्यात एक गोम तिला सापडली. फाइल एकदा शेवटपर्यंत वाचली की पायथन शेवटीच थांबून राहतं. पुन्हा वाच म्हटलं तर हाती काही लागत नाही. त्याला आधी पहिल्या ओळीवर परत पाठवावं लागतं, आणि त्यासाठी एक ओळ लिहावी लागते.

तिने ती लिहिली होती. दाखवायच्या आदल्या संध्याकाळी पुसून टाकली, आणि कॉम्प्युटर मुद्दाम चालू ठेवून घरी गेली.

सकाळी साहेबांसमोर पडद्यावर, तिच्याच प्रोग्रॅमवर, सुशांतचं नाव झळकलं. कस्तुरीला मनापासून आनंद झाला.

त्याने एक नाव टाकलं, पत्ता आला. साहेब खूश होऊन म्हणाले, आणखी एक. दुसऱ्या नावाला काहीच आलं नाही. त्याने प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवला. पहिलं नाव सापडलं, दुसरं पुन्हा गायब. साहेबांनी कारण विचारलं. तो तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "कस्तुरी, जरा बघ ना."

"तुमचा प्रोग्रॅम आहे की सर. मला स्वल्पच येतंय."

"तुझाच आहे. प्लीज."

"मला कशाला सांगताय? साहेबांना सांगा, इंग्रजीत. त्यांना मराठी कळत नाही."

सुशांतने मान खाली घातली आणि तेच इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी त्याला नुसती उठायची खूण केली.

कस्तुरी खुर्चीत बसली. राहिलेली ओळ घालायची तिला मुळीच घाई नव्हती. सगळ्यांच्या देखत तिने आधी त्याचं नाव पुसलं, एकेक अक्षर करून.