तळपायानं ऐकणारं घर

साहेबरावांना बोलवायचं असलं तर घरात कोणी हाक मारत नसे. टाच आपटायची. काळेवाडीतली त्यांची दोन खोल्यांची जागा वरच्या मजल्यावर, स्लॅब पातळ. टाच टेकली की मांडणीवरचे पेले किणकिणायचे आणि पेपरात डोकं घातलेले साहेबराव मान वर करून म्हणायचे, "काय गं?"

एकतीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या मशीनपुढे उभं राहून त्यांचे कान गेले होते. अगदीच नाही, पण बरेचसे. कानात घालायचं यंत्र होतं, ते डबीत असायचं. "त्यात नुसती शिट्टी वाजते," ते म्हणायचे. "आणि आमच्या शॉपमध्ये कानाचं काम होतं कुणाला? मशीनमधला साचा, डाय, सैल झाली की आम्हाला आधी तळपायाला कळायचं."

साक्षी या घरात सून म्हणून आली तेव्हा आठवडाभर तिला हे चमत्कारिक वाटलं, मग तिचीही टाच आपोआप उठायला लागली. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. नवरा, बुद्धरत्न, चाकणला कंपनीत होता. तो शिफ्टवरून आला की दारात बूट काढायचा आणि टाच आपटायचा. म्हणजे, आलो.

दीड वर्षाची विशाखा याच घरात वाढत होती. टाच वाजली की तीही वळायची, आजोबांच्याही आधी. म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

साक्षीला वाटायचं. विशाखा जन्मली तेव्हा दवाखान्यातलं कान तपासायचं मशीन बंद होतं. नंतर या म्हणाले, ते नंतर राहूनच गेलं. नवव्या महिन्याच्या लसीला डॉक्टरांनी पोरीच्या मागून टाळी वाजवली, पुन्हा वाजवली, आणि कानाच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. घरी आल्यावर बुद्धरत्ननं टाच आपटली. विशाखा गर्रकन वळली.

"झाली तपासणी," तो हसत म्हणाला. "साक्षी, तुझ्या डोक्यात सदा काहीतरी असतं. परवा ताप नसताना थर्मामीटर लावलास. त्याच्याआधी झोपलेल्या पोरीचे श्वास मोजत बसली होतीस."

ते खरंच होतं. बाटली तीनदा उकळणारी, दाराची कडी दोनदा बघणारी बाई ती. मग हीसुद्धा आपल्या स्वभावाचीच भीती, असं म्हणून तिनं चिठ्ठी लसीच्या फाईलमध्ये अगदी मागे सरकवली. विशाखा अजून 'आई' म्हणत नव्हती. बुद्धरत्न म्हणायचा, "आजोबांवर गेलीय. पहिल्या हाकेला ओ द्यायची पद्धतच नाही आमच्या घराण्यात." यावर सगळे हसायचे. साक्षीही हसायची.

रहाटणीत एका कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर 'ऊब' नावाचा योगा स्टुडिओ होता. साक्षी तिथं सकाळी रिसेप्शनला बसायची: नावं लिहायची, टॉवेल द्यायची, पाण्याच्या बाटल्या भरायची. आत छताला हीटर लावलेले. चाळीस अंशांच्या खोलीत माणसं आसनं करायची आणि काचेवरून घामाचे ओघळ उतरायचे. महिन्यातून एका रविवारी हीटर बंद करून स्नेहल मॅडम नादाचं सत्र घ्यायच्या. या रविवारी त्यांनी सांगितलं, "साक्षी, घरच्यांना घेऊन ये. मुलं चालतील."

बुद्धरत्नची पहिली शिफ्ट होती. मामा आले, विशाखाला कडेवर घेऊन. हीटर बंद होते तरी भिंती अजून गरम होत्या. मामांनी भिंतीला तळहात लावून पाहिला.

"मे महिन्यात आमच्या शॉपमध्ये पत्र्याखाली हेच चालायचं," ते त्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "फक्त ही चटई नव्हती."

दोन-तीन जण हसले. साक्षीनं त्यांच्यासमोर येऊन, ओठ नीट हलवत सांगितलं, "मामा, हळू."

"हळूच बोललो की."

चटया जाड होत्या, रबराच्या, खाली आणखी एक मऊ थर. माणसं आडवी झाली. स्नेहल मॅडमपुढे काशाची लहानमोठी भांडी मांडलेली. मामांनी वाकून बघितलं. "ही तर पाय चोळायची काशाची वाटी," ते म्हणाले. "वाढवून ठेवलीय."

मॅडमनी लाकडी दांड्यानं पहिलं भांडं वाजवलं. आवाज लांबत गेला. कोपऱ्यातलं एक तान्हं बाळ दूध प्यायचं थांबलं. पलीकडच्या चटईवरचा मुलगा उठून बसला आणि त्यानं आईला विचारलं, "कुठून येतंय?" साक्षीनं डोळे मिटले नव्हते. तिचे डोळे कुठंच मिटत नसत. ती विशाखाकडे बघत होती.

विशाखा टॉवेलची दशी ओढत होती.

मॅडम भांडं हातावर घेऊन चटयांमधून फिरू लागल्या. विशाखाच्या मागे आल्या, वाजवलं. मग दुसरं, बारीक आवाजाचं. विशाखानं दशी तोंडात घातली. खेळात रमलीय, साक्षीनं स्वतःला सांगितलं. मुलं रमतात. तिनं मागून हलकेच म्हटलं, "विशू." मग जरा मोठ्यानं. मग तिनं चटईवर टाच आपटली.

काहीच झालं नाही. टाच रबरात रुतली आणि आवाजही आला नाही.

तेवढ्यात मॅडमनी खोलीच्या टोकाला टांगलेली पितळेची मोठी तबकडी वाजवली. सगळी खोली भरून गेली. दूध पिणारं बाळ दचकून रडायला लागलं. मामांनी मान वळवली. मामांनी, ज्यांना दारावरची बेल ऐकू येत नव्हती, त्यांनी मान वळवून तबकडीकडे बघितलं. मग त्यांची नजर नातीवर आली. ती दशीची गाठ सोडवत होती. मामा नातीकडे बघत राहिले आणि मग त्यांनी साक्षीकडे बघितलं.

ते उठले. पोरीला उचलून दाराबाहेर, चपलांच्या रॅकपाशी घेऊन गेले. साक्षी मागे गेली. बाहेर नुसती लादी होती. त्यांनी विशाखाला पाठमोरी उभी केली, दोन पावलं मागे सरले आणि टाच आपटली.

विशाखा वळली, हसली, हात पसरून त्यांच्याकडे आली.

"बघ," मामा म्हणाले. "ऐकते. आतमध्ये ते…"

ते मध्येच थांबले. आपल्या पायाकडे बघत राहिले. एकतीस वर्षं जे ते अभिमानानं सांगत आले होते, तेच आता त्यांच्या पायाखाली होतं.

"लादी हलली," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू आला. "तिला लादी कळली."

"हो मामा."

"तुला ठाऊक होतं?"

तिनं मान हलवली. हो की नाही, ते तिलाच सांगता आलं नसतं.

"माझ्याकडून गेलं काय गं तिच्यात?"

"नाही मामा. तुमचे कान मशीननं गेले. ते असं पोरांत येत नाही." तिनं ते ओठ नीट हलवून सांगितलं. त्यांना समजलं, पण पटलं नाही हे तिला दिसलं.

सत्र संपल्यावर स्नेहल मॅडम बाहेर आल्या. विशाखा त्यांच्या हातातल्या भांड्याकडे झेपावली, म्हणून त्यांनी ते तिच्या दोन्ही तळव्यांवर टेकवून सावकाश वाजवलं. विशाखा स्तब्ध झाली. मग तिनं भांड्याच्या काठाला गाल लावला. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "किती आवडलं बघ हिला." साक्षी टॉवेल गोळा करायला आत गेली. घामाचे, ओले टॉवेल. त्यांत तोंड घातलं तर कोणाला कळणार नव्हतं.

घरी आल्यावर तिनं फाईल काढली. नऊ महिन्यांत चिठ्ठीची शाई जराही फिकी झाली नव्हती. लवकर गेलो असतो तर काय झालं असतं, ते तिनं कधी तरी फोनवर अर्धं वाचलेलं होतं. उरलेलं अर्धं तिनं आता वाचलं. चिठ्ठी टीव्हीपुढे ठेवली, वर मामांच्या यंत्राची डबी, उडू नये म्हणून. मामा खाटेवर बसून होते, विशाखा त्यांच्यासमोर जमिनीवर. दुपारभर त्यांनी पाय जमिनीला लावला नाही, मांडी घालूनच बसले.

चार वाजता जिन्यावर बूट वाजले. बुद्धरत्न दारात आला, बूट काढले, आणि त्याची टाच उठली.

"बुद्धा," मामा म्हणाले. "पाय नको. आज नुसती हाक मार."

"का बरं?"

"मार म्हणतो ना."

तो हसला. त्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या साक्षीकडे बघितलं. हे काय नवीन, असं भुवयांनीच विचारलं. तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

"विशू," त्यानं हाक मारली.

विशाखाची पाठ त्याच्याकडे होती. ती आजोबांच्या तोंडाकडे बघत होती.

"ए विशाखा. बाबा आला."

मांडणीवरचे पेले गप्प होते. बुद्धरत्ननं हातातला जेवणाचा डबा खाली ठेवला. तिसऱ्या वेळी तो जवळजवळ ओरडला. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला.

मामांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पोरगी घाबरेल म्हणून त्यांनी ते घाईनं आवरलं आणि ओठ ताणून तिच्याकडे बघून हसले. विशाखाही खुदकन हसली.

"हसली की!" बुद्धरत्नच्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला. "ऐकलं तिनं. उगीच घाबरवता राव तुम्ही."

मामा अजून हसतच होते, पोरीसाठी. डोळे पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"ती मला बघून हसली रे," ते म्हणाले.