पारड्याखालचा छर्रा

मित्रांनो, तराजूही थकतो. मी पितळेचा एक जुना तराजू आहे, सोनाराकडे असतो तेवढाच लहान. आयर्लंडमधल्या नावन गावी पॉरिक नावाच्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये माझी उमर गेली. त्याच्याकडे आजोबांची दुनळी बंदूक होती. तिच्या नळ्या जुन्या आणि पातळ, दुकानातली आजची जोरदार काडतुसं तिला सोसत नसत. म्हणून पॉरिक तिची काडतुसं हाताने भरायचा आणि प्रत्येकातली दारू मी तोलायचो. बंदुकीची दारू बरं का, हसू नका. ती जास्त झाली तर नळी फुटून हात जायचा.

फार वर्षांपूर्वी माझं दारूचं पारडं हरवलं. नवं बसवलं ते हलकं निघालं, त्यात दारू जास्त पडली असती, म्हणून पॉरिकने त्याच्याखाली शिशाचा एक छर्रा मेणाने चिकटवला. तेव्हापासून माझं वजन खरं. दिसायला मी काळाकुट्ट होतो, पण कौतुकाची हौस मला नव्हती.

मागच्या वर्षी माझी दांडी अडकू लागली. शेजारचा हरीश, मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यातला इंजिनिअर, मला दुरुस्तीला घरी घेऊन गेला. त्याची आई स्नेहलताबाई साताऱ्याहून आल्या होत्या. खंडेनवमीला त्यांनी लॅपटॉप, पान्हे, सुरी आणि मला पूजेला मांडलं. त्याआधी चिंच-मीठ लावून मला असं घासलं की माझी मलाच ओळख पटेना. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन मी पॉरिककडे परत गेलो. माझी चमक बघून पॉरिक हरखला आणि रविवारच्या शिकारीसाठी लगेच भरायला बसला. एरवी तो आधी रिकामी पारडी स्थिर होईपर्यंत बघत राहायचा. त्या दिवशी बघितली नाहीत. मला तोंड नाही, फक्त झुकता येतं. मी झुकून सांगत होतो. चोवीस काडतुसं भरली, चोवीसही जड.

संध्याकाळी जेवताना स्नेहलताबाई सहज म्हणाल्या, "अरे, त्या तराजूच्या बुडाला मळाचा गोळा होता. काडीने खरवडून काढला बघ."

हरीश उष्ट्या हातानेच पॉरिककडे धावला. दोघांनी चोवीस काडतुसं एकेक करून कापून रिकामी केली. हरीश आईच्या वतीने पुन्हा पुन्हा माफी मागत होता.

"तुझी आई ग्रँड आहे, तिचं काही चुकलं नाही," पॉरिक म्हणाला. "रिकामी पारडी मी बघितली नाहीत. खरं सांगू, मला आता ती नीट दिसतच नाहीत."

त्याच आठवड्यात त्याने बंदुकीचा परवाना परत केला. हरीशने छर्रा पुन्हा चिकटवला आणि मला आपल्या फळीवर ठेवलं. आता तोलायला काही नाही. सुटलो म्हणावं तर करमत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्यांची निगा जरूर राखा, पण घासायला घेण्याआधी आमच्या माणसाला विचारा. स्नेहलताबाई यंदा हळदकुंकू वाहून थांबल्या, चिंच त्यांनी आणलीच नाही. पॉरिक अधूनमधून चहाला येतो. तो माझ्या पारड्याखाली बोट घालतो, छर्रा जागेवर आहे ना एवढं चाचपतो, आणि मगच कप उचलतो.