कुंपणावरच्या जुड्या

कॉर्डने आधी कुंपणाची वीज बंद केली, मग गुडघ्यावर बसून वरच्या तारेत अडकलेला पंख सोडवायला घेतला. दोन पिसे तुटून त्याच्या बोटांना चिकटली. पक्षी अजून पुरता थंड झाला नव्हता. मान मात्र नको तिकडे वळली होती. काळ्यानिळ्या अंगावर दव साचले होते, डोळ्यांवरचे लाल तुरे आत्ताच कोणी रंगवावेत तसे ताजे होते, आणि दोन्ही बाजूंना बाक घेतलेली शेपटी जशीच्या तशी होती.

कुत्री चार पावलांवर बसून होती. आज हाक मारल्याशिवाय जवळ जायचे नाही, हे तिला कसे कोण जाणे समजले होते.

माळावरचा हा शेवटचा काळा रानकोंबडा. कॉर्डच्या आजोबांच्या काळी वसंतातल्या पहाटे सगळा माळ उकळत्या हंड्यासारखा बुदबुदायचा, असे म्हणत. मग वर्षागणिक आवाज विरळ होत गेले. गेली काही वर्षे हा एकटाच उरला होता. समोर मादी नाही, भांडायला दुसरा नर नाही, तरी एप्रिल लागला की हा रोज उजाडताना वाळूच्या उघड्या तुकड्यावर उतरायचा आणि शेपटी फुलवून नाचायचा. माळाची देखरेख करणारा साहेब एकदा म्हणाला होता, मादीवाचून नर म्हणजे नुसता आवाज. कॉर्डला ते लागले होते.

या माळाचे सगळेच असे एकमेकांत गुंतलेले होते. मेंढ्यांनी बर्चची रोपे खाल्ली तर माळ उघडा राहतो, आणि माळ उघडा राहिला तर कोंबडा राहतो. म्हणून कॉर्डची करडी, शिंगाळ मेंढरे. मग कित्येक पिढ्यांनी लांडगा परत आला. त्यालाही कायद्याने हात लावायचा नाही, म्हणून मेंढरांभोवती रात्रीचे, हलवता येणारे विजेच्या तारांचे कुंपण आले. आणि हा पक्षी जमिनीलगत तीरासारखा उडतो, त्याला तार दिसत नाही, म्हणून तारेवर जुड्या आल्या. माळभर वाढणाऱ्या हेदर नावाच्या झुडपाच्या, वाळलेल्या, मूठ-मूठभर जुड्या. कुंपण उभे केले की मेंढपाळाने त्या हातहातभर अंतरावर वरच्या तारेला बांधायच्या आणि मगच घरी जायचे.

काल संध्याकाळी वाळूत लांडग्याचे ताजे ठसे दिसले. कॉर्डने अंधार पडता पडता कुंपण उचलून बर्चच्या बाजूला नेले. मेंढरे आत घेतली, वीज सोडली, आणि जुड्या गाड्यावरच राहू दिल्या. सकाळी बांधू. त्या बाजूला तो कधी उडत नाही.

वाळूतून सायकलची चाके येताना ऐकू आली. कॉर्डने कोट काढून पक्ष्यावर टाकला.

आल्हाइट बाई सायकल चालवत नसत, हातात धरून चालत. गावात शाळा होती तोवर त्या तिथे शिकवायच्या. कॉर्डही त्यांच्याच हाताखालून गेलेला. अलीकडे त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग बसला होता. समोरचे दिसत नसे, कडेचे थोडेफार दिसे. तरी एप्रिलभर रोज पहाटे त्या नाचाच्या जागेजवळच्या, पक्षी पाहायला बांधलेल्या लाकडी लपणात जाऊन बसत आणि कोंबडा ऐकत.

"मॉइन, कॉर्ड."

"मॉइन, बाई."

"आज बोलला नाही रे."

"वारा असेल."

"वारा कुठला? गवताचं पातं हलत नव्हतं." बाईंनी मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून कुंपणाच्या दिशेने पाहिले. "हे काल इथं नव्हतं."

"लांडगा फिरून गेला. म्हणून हलवलं."

"जुड्या बांधल्यास ना?"

शाळेत असताना खोटे बोलायची वेळ आली की कॉर्ड पायाने जमीन उकरायचा. बाई मग पुढचे काही ऐकूनच घेत नसत. आत्ताही त्याच्या बुटाचे टोक वाळूत गेले.

"बांधल्या."

"मग ठीक. उद्या बोलेल. रुसला असेल कशावर तरी. पुरुषांची जात."

त्यांनी थर्मासमधली कॉफी त्याला दिली, स्वतः घेतली नाही. हॅम्बुर्गहून त्यांच्या मुलाचा परवा पुन्हा फोन आला होता. सातव्या मजल्यावर त्याने त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती, खिडकीशी खुर्चीसुद्धा. हे सगळे बाईंनी हसत हसतच सांगितले.

"मी म्हटलं त्याला, आमचा इथला गडी बोलतोय तोवर माझं नाव काढू नकोस. गप्प झाला की ये न्यायला. तर म्हणतो, आई, इथंही पक्षी आहेत." त्यांनी सायकलचे हँडल सरळ केले. "कबुतरं, कॉर्ड. कबुतरं."

कॉर्ड हसला. हसावेच लागले. बाई सायकल वळवून गेल्यावर त्याच्या लक्षात आले, की हातातली कॉफी गार झाली आहे आणि त्याने एक घोटही घेतलेला नाही.

मेंढपाळाच्या काठीला टोकाशी छोटे फावडे असते. त्याच फावड्याने त्याने एका ज्युनिपरच्या झुडपाच्या बुडाशी खड्डा केला. वाळू कोरडी होती, उपसावी तेवढी परत आत घरंगळत होती. दोन वर्षे उन्हाळ्यातला पाऊस झाला नव्हता. हेदरला कीड लागली होती आणि जांभळ्या व्हायच्या टेकड्या गंजल्या पत्र्यासारख्या दिसत होत्या. कसेबसे पक्ष्याला झाकले आणि वर दगड ठेवला. मग गाड्यावरून जुड्या काढून तो कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांधत गेला. एकही हात मोकळा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या आधी तो नाचाच्या जागेपलीकडच्या ज्युनिपरांत जाऊन बसला. मेंढरे कुत्रीवर सोपवली होती. आजोबा शिकाऱ्यांबरोबर जायचे. ओठांनी आणि घशाने आवाज काढून कोंबड्याला बंदुकीच्या टप्प्यात कसे आणायचे, हे त्यांनी नातवाला शिकवले होते. आधी घशात पाणी घोळवल्यासारखे बुदबुदायचे, मग दातांतून लांब फूत्कार. शिकवताना आजोबा म्हणाले होते, हे पाप आहे, पण यायला हवे.

लपणात बाक कुरकुरला. बाई आल्या होत्या.

कॉर्डने सुरुवात केली. पहिला आवाज कोरडाच निघाला. दुसरा जरा बरा. तिसऱ्याला घसा मोकळा झाला आणि वाळूवरून तो आवाज असा गेला की त्याच्याच अंगावर काटा आला. त्याने पुढचा विचार केला नव्हता. एप्रिल संपेपर्यंत रेटायचे, एवढेच. मग पक्षी तसेही गप्प होतात. पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी.

लपणाच्या आडव्या फटीत बाईंचा चेहरा अर्धा दिसत होता. डोळे मिटलेले होते. त्या हळूहळू मान हलवत होत्या, पाठांतर बरोबर चालले आहे असे मुलाला सांगावे तशा.

तो पुन्हा बुदबुदला, आणि बर्चच्या बाजूने काहीतरी उडाले.

ते जमिनीलगत, सरळ कुंपणावर येत होते. तारेजवळ येताच ते वर उचलले गेले, जुड्यांवरून अलगद पार झाले आणि वाळूवर उतरले. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, वाळक्या हेदरच्याच रंगाची. मादी. पंख मिटून तिने अंग झटकले आणि नाचाच्या जागेच्या मधोमध चालत गेली. नवख्या जागी कोणी चालेल तशी नव्हे.

कॉर्डने बर्चच्या राईकडे पाहिले. तिथून कुंपणाकडे. तिथून त्या ज्युनिपरकडे, ज्याच्या बुडाशी दगड होता. परवापर्यंत तो त्या बाजूला कधी उडत नव्हता.

मादी घशातल्या घशात काहीसे बोलली. अगदी हळू, विचारल्यासारखे.

लपणात बाईंचे डोळे उघडले. लपणात आवाज करायचा नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम. त्यांनी तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. हातांवरून डोळ्यांतले पाणी खाली आले तरी त्यांनी ते पुसले नाही.

मादी गोल फिरली. थांबली. पंख जरासे सैल सोडून वाळूवर बसली, मग उठली आणि मान उंच करून ज्युनिपरांच्या दिशेने ऐकू लागली. फटीत बाईंचीही मान तिकडेच तिरकी झाली होती.

कॉर्डने ओठ ओले केले.