कडेला राहिलेले सहा जण

मी इंदुताईंचा कॅमेरा बोलतोय. आज मला गप्प बसवत नाही, तेव्हा जरा भरभर बोललो तर सांभाळून घ्या.

माझा पहिला मालक पियुष, नागपूरजवळच्या वाडीतला लग्नाचा फोटोग्राफर. नऊ वर्षं मी नवऱ्या मुलीच टिपल्या. हळदीनं माखलेली मुलगी तिच्या मावशीलाही चटकन ओळखू येत नाही, हे मी पाहिलंय. ती हळद माझ्या बटणांच्या फटीत अजून आहे. पुढे पियुषनं नवा कॅमेरा घेतला आणि मी वर्षभर कपाटात पडून राहिलो. मग पोस्टातून निवृत्त झालेल्या इंदुताईंनी मला नेलं आणि पाखरांच्या मागे लावलं. नवरीला ‘इकडे बघा’ म्हणता येतं. पाखरांना म्हटलं तर उडूनच जातात.

नागपुरातल्या त्यांच्या पक्षीमंडळात मधुकररावांचा शब्द शेवटचा. ग्रुपवर फोटो टाकायचा, तोही एकच, आणि पक्षी मोठा दिसावा म्हणून चारही बाजूंनी कापून. मधुकरराव त्याचं नाव सांगणार. ताईंना उत्तर ठरलेलं : “साधा सातभाई हाय, ताई.” सातभाई म्हणजे अंगणोअंगणी घोळक्यानं कलकलाट करणारा मातकट पक्षी. मंडळ दरवर्षी नव्यानं दिसलेल्या पक्ष्यांची यादी काढतं, प्रत्येकापुढे पाहणाऱ्याचं नाव. चार वर्षांत ताईंचं नाव एकदाही आलं नव्हतं. यादी हातात आली की त्या आधी नावंच वाचायच्या. मला फार वाईट वाटायचं.

फेब्रुवारीत आम्ही भिवापूरला ताईंच्या भाचीकडे, करिष्माकडे गेलो. तिच्या घरामागे मिरची कांडपाची गिरणी आहे. गिरणीच्या भिंतीजवळ ताईंना एक पक्षी दिसला, शेपटीपर्यंत विटकरी लाल, डोळा मात्र पांढुरका. चहा तसाच टाकून त्यांनी मला उचललं. त्या लाल रंगापुढे आम्हा दोघांना दुसरं काही दिसत नव्हतं. अकरा फोटो निघाले. त्यातला एक कापून ग्रुपवर गेला.

मंडळात एकच गलका झाला. कोणी म्हणे परदेशी, कोणी म्हणे पिंजऱ्यातून सुटलेला. मधुकररावांनी तीन पुस्तकं पालथी घातली आणि फोनच केला. “ताई, हा आपल्या इकडचा पक्षी नाही दिसून राहिला. रविवारी बैठकीत जाहीर करतो. यादीत पहिलं नाव तुमचं.” ताईंनी फोन ठेवला आणि माझी काच उगाचच तीनदा पुसली.

रविवारी भिंतीवर तो लाल पक्षी हातभर मोठा झळकत होता. मधुकरराव बोलायला उभे राहिले. मागच्या रांगेत ताई खुशीत माझ्या पडद्यावर बाकीचे, न कापलेले फोटो पाहत होत्या. सातव्यावर त्यांचं बोट थांबलं. कडेला, भिंतीच्या सावलीत, आणखी पक्षी होते. मातकट. ताईंनी मोजले, सहा. सगळ्यांचे डोळे तसेच पांढुरके. आणि आमचे लाल महाशय सांडलेल्या तिखटात लोळत होते, चिमण्या धुळीत लोळतात तसे.

मला हळदीच्या नवऱ्या आठवल्या. ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे? ताईंनी मला बंद केलं. चार वर्षं वाट पाहिलेलं नाव दोन मिनिटांवर आलं होतं, आणि खरं काय ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. मग त्यांनी मला पुन्हा सुरू केलं आणि उठल्या.

“मधुकरराव, थांबा जरा. साधा सातभाईच हाय हा. तिखटात न्हाऊन राहिला.”

मधुकरराव चष्मा सावरत आले, माझ्यात डोकावले आणि बोटानं सात मोजले.

“त्याले झोंबत नसंन काय?” कोणीतरी विचारलं.

“पाखरांले तिखट लागतच नाही,” मधुकरराव म्हणाले. “मले माहीत होतं, तरी सुचलं नाही. ताई, चाळीस वर्षं सातभाई पाहून राहिलो, असा नाही पाहिला. आम्हाले भिवापूरले नेता काय?”

ताईंचं नाव यंदाही यादीत नाही. पण आत्ता, या क्षणी, चौदा माणसं गिरणीच्या भिंतीआड श्वास रोखून उभी आहेत, ताई सर्वांत पुढे. माझ्या फटीतल्या हळदीशेजारी आता तिखटही बसलंय. तुम्हाला एवढंच विनवतो, माझे फोटो कापू नका. कडेला कोण आहे ते आधी पाहा.

थांबा, घोळका उतरला. एक जण थेट तिखटात शिरला.

“ताई, कोणता पक्षी हाय?” मधुकरराव हळूच विचारतात.

“सातभाई,” ताई म्हणतात, आणि माझं बटण दाबतात. ‘साधा’ कोणीच म्हणत नाही.